उशीगूज कुणी ऐकलं?

'उशीगूज' हा शब्द कुठल्याही शब्दकोशात सापडायचा नाही. तो शाल्मली मेस्त्री आणि तिच्या आईनं मिळून बनवलेला. उशीला उशी लावून हळू आवाजात सांगायच्या गोष्टी म्हणजे उशीगूज. आई समुद्राचा अभ्यास करणाऱ्या तरंगत्या प्रयोगशाळेवर, पार दक्षिणेकडच्या बर्फाजवळ गेली, तेव्हापासून हे गूज पत्रांतून चालायचं. नव्या शाळेत डबा एकटीनंच खावा लागतो, हे शाल्मलीनं फक्त तिथेच सांगितलं होतं.

आणि त्या दिवशी सकाळी सकाळी ठकीच्या पोटावर अक्षरं झळकली, 'उशीगूज करताय? मग खास मऊ उशा आजच मागवा!'

ठकी म्हणजे घरातली यंत्रमानव. सावंतवाडीत लाकडी खेळणी पिढ्यान् पिढ्या घडत आली, त्यामुळे इथल्या यंत्रमानवांनाही लाकडी रंगवलेलं तोंड असतं. ठकीचे गाल लालचुटूक होते आणि पोटावर पडदा होता. त्याच पडद्यावर शाल्मली आईला पत्रं लिहायची.

"ठकी, तू कुणाला सांगितलंस?"

"मी चहाड्या करत नाही. माझ्यात ती सोयच नाही," ठकी म्हणाली आणि फुरंगटून कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

शाल्मलीनं त्या दिवशी आईला पत्र लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग आईचंच पत्र आलं, 'काय गो, अशी गप्प का? माझ्यावर रागावलीस?' ते वाचून शाल्मलीला रडूच कोसळलं. रागावली नाही एवढं तरी लिहायचं होतं, पण कुणीतरी मागून वाचतंय असं वाटून तिची बोटं पुढं जाईनात.

ते आजोंनी पाहिलं. आजो म्हणजे तिचे आजोबा, केशव मेस्त्री. उपग्रहांवरचे संगणक चोरांपासून जपण्यात त्यांचा जन्म गेला होता. माणूस मोठा हुशार, पण एक खोड होती. जुनी पुस्तकं वाचून वाचून त्यांचं लिहिणंही जुन्या वळणाचं झालं होतं. मिठाच्या बरणीवर त्यांची चिठ्ठी होती, 'हें मीठ आहे, साखर नाहीं.' अनुस्वारांची त्यांना भारी हौस.

सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी ठकीला विचारलं, "एवढ्यात तुझ्यात नवीन काय बसवलंय?"

"तुम्हीच ते जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन बसवलंत," ठकी म्हणाली.

एक्स्टेन्शन (ब्राउझरला, म्हणजे इंटरनेटवरची पानं उघडून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, जोडायची छोटी पुरवणी) शाल्मलीला ठाऊक होतं. ते आल्यापासून पडद्यावरचा जाहिरातींचा कलकलाट थांबला होता.

"छे गो, ते चांगलं आहे. हजारो लोक वापरतात," आजो म्हणाले. मग स्वतःच थबकले. "पण असं नुसतं म्हणून कसं चालेल? तपासून बघू."

त्यांनी शाल्मलीला जगात नसलेले दोन शब्द बनवायला सांगितले. एक्स्टेन्शन चालू ठेवून तिनं खोट्या पत्रात 'मीठचिमणी' लिहिलं. मग ते बंद करून दुसऱ्या खोट्या पत्रात 'ढगकुळीथ' लिहिलं, आणि एक्स्टेन्शन पुन्हा चालू केलं. बाकी काही म्हणजे काही बदललं नाही.

सकाळी ठकीच्या पोटावर जाहिरात हजर होती. 'तुमच्या मीठचिमणीसाठी सुंदर पिंजरा!' ढगकुळथाची मात्र कुणालाच गरज पडलेली दिसत नव्हती.

"म्हणजे ठकीनं चहाडी केली नाही. ठकीलाच कुणीतरी ठकवलं," शाल्मली म्हणाली. कोपऱ्यातल्या ठकीनं मान वळवली.

"पण आजो, जाहिराती अडवणाऱ्याला माझं पत्र कसं दिसलं?"

"असं बघ. दारावर फेरीवाले येतात म्हणून आपण उंबऱ्यावर एक राखण्या बसवला. कोण आलंय ते बघितल्याशिवाय तो अडवणार कसा? म्हणजे फेरीवाल्याबरोबर पाहुणे, पोस्टमन, सगळेच त्याच्या नजरेखालून जाणार. इथंही तसंच. बसवताना ते परवानगी (आपल्या वस्तूला हात लावायची मुभा) मागतं, 'सर्व पानांवरचं सर्व काही वाचण्याची आणि बदलण्याची.' राखण्या सचोटीचा असला तर तेवढंच काम करतो. लबाड असला तर पत्र वाचतो, त्यातले शब्द विकतो, आणि दुसऱ्यांच्या जाहिराती अडवून स्वतःच्या चिकटवतो."

"मग हजारो लोक लबाडच कसं वापरतात?"

तेच शोधायला शाल्मलीनं पडद्यावर ते दुकान उघडलं, जिथून एक्स्टेन्शन घेतलं होतं. वर हजारो लोक वापरतात ते नावाजलेलं 'झाकण' होतं. त्याखाली तसंच चित्र, तसाच रंग, आणि नाव 'झांकण'. तिनं दोन्ही नावं पुन्हा वाचली.

"आजो, तुम्ही टिंबवालं घेतलंत."

आजोंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मला वाटलं, चला, कुणीतरी शुद्ध लिहिणारं भेटलं," ते पडेल आवाजात म्हणाले.

शाल्मली इतकी हसली की तिला उचकी लागली. मग आजोही हसले.

झांकण नुसतं बंद करून ठेवलं नाही, मुळासकट काढून टाकलं. ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला. यादीत आणखी दोन-तीन अनोळखी पुरवण्या निघाल्या, त्यांनाही रजा दिली. पत्रांच्या खात्यातून सगळीकडून बाहेर पडून पासवर्ड बदलला, तोही दुसऱ्या यंत्रावरून. आणि झांकणाची तक्रार दुकानाकडे केली.

"पण त्यानं वाचलेलं परत येणार नाही ना?" शाल्मलीनं विचारलं.

"नाही गो. ते गेलं," आजो म्हणाले. "माझं चुकलं."

तिला वाईट वाटलंच. पण झांकण नसलं की कुणी वाचत नाही, हे तिला स्वतः तपासून कळलं होतं. "पत्र न वाचता जाहिराती अडवणारा राखण्या नाही का बनवता येणार?" तिनं विचारलं.

"सुरुवात झाली आहे. राखण्यानं कुणाला अडवायचं एवढंच सांगून ठेवायचं, आणि अडवायचं काम ब्राउझरनं करायचं. मग राखण्याला उंबऱ्यावर बसावंच लागत नाही. अजून त्यातून बरेच फेरीवाले निसटतात. तू मोठी झालीस की ते पक्कं कर."

दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली, तेव्हा ठकीच्या कपाळावर चिठ्ठी होती, 'नवें कांहीं बसविण्यापूर्वीं शाल्मलीस विचारावें.' अनुस्वारांची नुसती पेरणी केली होती.

शाल्मली ठकीसमोर बसली आणि लिहू लागली. 'आई, रागावले नव्हते. सगळं सांगते. हे उशीगूज फक्त तुझं. आज शेजारच्या बाकावरच्या मुग्धाला मी मीठचिमणीची गोष्ट सांगितली. तिला ढगकुळथाची पिठी खायचीय म्हणे. ती कशी करतात ते ठरवता ठरवता डबा संपलासुद्धा, दोघींचा.'