अकरा किलोंपर्यंतची वाट

चाकांना आठवण राहू लागली, तेव्हापासून लेकरासाठी ओढगाडी निवडणं सोयरीक जुळवण्याइतकं अवघड होऊन बसलं होतं. आंबोलीजवळच्या त्या कार्यशाळेत शाल्मली सकाळपासून गाड्या ओढून बघत होती. एकीला उन्हाचं छत, दुसरीला डबा गरम ठेवायचा कप्पा, तिसरीला तर चक्क पंखा! तिला यातलं काहीच नको होतं. तिच्या दोन वर्षांच्या ओवीची हाडं ठिसूळ होती. एक जोराचा दणका बसला तरी हाड मोडायचं. डांबरी रस्त्यापलीकडचं जग पोरीनं अजून पाहिलंच नव्हतं.

“ही स्मृतिचाकं,” डॉ. हणमंते म्हणाल्या. शोध त्यांचाच होता. “यातला धातू बसलेला प्रत्येक धक्का लक्षात ठेवतो. पुन्हा तसाच दगड आणि तितकंच वजन आलं, की चाक तेवढंच दबतं. आतल्या बाळाला काही कळत नाही.”

“मग नवी गाडी घेऊ?”

“नवी अडाणी असते. शिकायला वर्ष जातं, आणि शिकताना धक्के बसतातच.”

कोपऱ्यात पोचे पडलेली एक जुनी गाडी होती. शाल्मली तिच्यापाशी थांबली. “हीच द्या, मॅडम. आमच्यात बाळाला पहिलं अंगडं जुनंच घालतात.”

हणमंते जरा घुटमळल्या. “बघा ओढून,” म्हणाल्या.

मागच्या उतारावर कातळ, मुळं, गोटे, सगळं होतं. ओवीला घेऊन गाडी त्यावरून अशी गेली, की तिच्या वाटीतला एकही चुरमुरा सांडला नाही. पोरीनं हात लांबवून नेच्याचं पान पकडलं आणि खदखदून हसली. शाल्मलीचे डोळे भरून आले. काय चाकं होती ती!

उंबराच्या झाडापाशी मात्र गाडी आपोआप थांबली आणि हलकेच तीनदा झुलली.

“जुनं अंगडं घेताना विचारतात, आधी घालणारं बाळ धडधाकट आहे ना,” शाल्मली हळूच म्हणाली. “कुणाची ही?”

“माझ्या निहारची. इथे मी त्याला झुलवायचे.” हणमंते उंबराकडे बघत होत्या. “अकरा किलोंपर्यंत चाकांना सगळं ठाऊक आहे. त्यापुढे तो वाढला नाही.”

“हे झुलणं पुसता येतं?”

“पुसलं तर सगळंच पुसलं जाईल. धक्का आणि झोका यांत धातूला फरक कळत नाही.”

गेलेल्या बाळाचं अंगडं कुणी घरात आणलं नसतं. ओवी दुसऱ्या पानाकडे झेपावत होती.

“ही साडेदहा किलो आहे,” शाल्मली म्हणाली. तिनं दांडी सोडली नाही.

पावसाळा सरला. ओवीची हाडं जरा भरली, असं डॉक्टर म्हणाले. एका सकाळी शाल्मलीनं हणमंत्यांना फोन केला.

“मॅडम, ओवी आज अकरा किलो दोनशे भरली. गाडी पहिल्यांदाच अडखळली. पोरीला काही झालं नाही, पण काय करू?”



“सावकाश ओढा,” हणमंते म्हणाल्या. “इथून पुढचं चाकांना माहीत नाही. मलाही नाही.”