घावमिटीची जुडी

दारातल्या बॅगेला अडखळून मास्तर पडता पडता वाचले.

"सांभाळून हं," ताई ओशाळून म्हणाली. "ह्यांची आहे. दादाने भरायला लावली. आज संध्याकाळपर्यंत खरं काय ते कळलं नाही, तर ह्यांना घर सोडावं लागणार."

भिंगवाल्यांनी आधी बॅगेकडे पाहिलं आणि मग दारावर टांगलेल्या वाळक्या जुडीकडे. त्यांचं खरं नाव गल्लीत कुणी घेत नसे. खिशातल्या भिंगावरून पडलेलं टोपणनाव पत्त्यालासुद्धा पुरत असे. लोकांच्या हरवलेल्या वस्तू ते शोधून देत आणि संशयाचे घोळ सोडवत. निवृत्त शिक्षक असलेले मास्तर नेहमी त्यांच्या सोबत असत, पण बहुतेक वेळा चुकीच्या बाजूला.

"पहिल्यापासून सांगा," भिंगवाले म्हणाले.

ताईचे वडील वैद्य होते. त्यांचं मलम लावलं की चिघळलेली जखमसुद्धा सुकत असे. ते घावमिटीचं मलम. घावमिटी म्हणजे उंच कड्याच्या टोकावर उगवणारी, एका राजाचा तुटलेला हात जिने सांधला ती वनस्पती. तिला उपटणाऱ्याने घरी पोचेपर्यंत बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही, अशी दंतकथा. त्यामुळे बाबा वर्षातून एकदा एकटेच जात, जुडी आणत आणि दारावर टांगत. मलम मात्र बंद खोलीत करत.

"गेल्या वर्षी बाबा अचानक गेले," ताई म्हणाली. "त्यांनी करून ठेवलेलं मलम पुरलं तोवर ठीक होतं. मग हे कड्यावर जाऊन जुडी घेऊन आले. मी मलम केलं. पण एकालाही गुण नाही. बाहेर बाकावर बेकरीवाले बसलेत ना, त्यांच्या नडगीची जखम आहे तशीच आहे."

"गुण येईल कसा?" आतून ताईचा थोरला भाऊ बाहेर आला. शर्टाला कडक इस्त्री, चेहऱ्यालाही. "जावईबापूंनी खरी घावमिटी औषधकंपनीला विकली आणि माझ्या बहिणीच्या हातावर पालापाचोळा ठेवला. बाबा गेल्यावर ह्या घरासाठी मी काय नाही केलं? परसात चिखल, रान माजलेलं. लगेच फरशा बसवून घेतल्या. न्हाणी दुरुस्त केली. आणि ह्यांनी काय केलं, तर घराचं नाव घालवलं!"

"दादा, उंचावर मला घेरी येते," कोपऱ्यातून जावई म्हणाला. "चार हातापायांवर चढलो तो कडा. उतरताना पाठमोरं उतरावं म्हटलं, तर मागे वळायचं नाही! विकायचीच असती, तर माळ्यावरच्या जुन्या जुड्या नसत्या का विकल्या?"

"जुन्या जुड्या आहेत?" भिंगवाल्यांनी विचारलं.

"आहेत ना. दरवर्षीच्या उरलेल्या," ताई म्हणाली. "शिळ्या म्हणून मी घेतल्या नाहीत."

मास्तरांनी शिडी धरली आणि भिंगवाले माळ्यावर चढले. कितीतरी जुड्या ओळीने ठेवल्या होत्या. प्रत्येक जुडीला वैद्यांची तीच दुहेरी गाठ होती आणि सुतळीवर न मोडलेला धुळीचा थर. एक जुडी खाली आणून त्यांनी दारावरच्या जुडीशेजारी धरली. तीच अरुंद, गुळगुळीत पानं, त्याच चपट्या शेंगा.

"मास्तर, काही फरक दिसतो?"

"धुळीचा."

"मलाही तेवढाच."

"म्हणजे जावई सुटले!" मास्तर खुश झाले. "ताईंच्याच कृतीत चूक आहे."

"घाई नको," भिंगवाले म्हणाले.

औषधाच्या खोलीत मावशी भांडी घासत होत्या. वैद्यांच्या पहिल्या दिवसांपासून त्या ह्या घरात कामाला होत्या. चुलीमागची भिंत वर छतापर्यंत तेलाच्या थेंबांनी डागाळली होती.

"हे डाग कशाचे?"

"मालकांच्या मलमाचे," मावशी म्हणाल्या. "तेल असं तडतडायचं की दाराबाहेर ऐकू यायचं. ताईंचं तेल कसं गुमान कढतं. सोयीचं पडतं मला. पूर्वी खल धुताना हात हिरवे व्हायचे, आता नुसती भुकटी. फुंकर मारली की खल स्वच्छ."

"वैद्यबुवा स्वभावाने कसे होते?"

"देवमाणूस. पण हेकट. घरात न्हाणी असून हात धुवायला परसात जायचे. भर उन्हाळ्यात मोकळ्या जमिनीवर बादलीभर पाणी ओतायचे. मी एकदा तिथलं गवत काढायला घेतलं, तर विळा हिसकावून घेतला हो माझ्या हातातून!"

"बाकावर नेहमीच गर्दी असायची?"

"छे! सुरुवातीला कुत्रं फिरकत नव्हतं. मालक कड्यावर जायला लागले आणि मग रांग लागली."

ताईने वडिलांच्या मलमाचा शेवटचा, जवळजवळ रिकामा डबा आणून दिला. झाकणाच्या आतल्या कडेला हिरवट थर होता. भिंगवाल्यांनी तो पिनेने खरवडला आणि भिंगाखाली बराच वेळ न्याहाळला. चेहऱ्यावरून मात्र काही कळू दिलं नाही.

"मास्तर, परसाच्या भिंतीपलीकडे काय आहे, जरा बघून येता?"

मास्तर जाऊन आले. "काही नाही. बोळ आहे, गटार आहे आणि गुडघाभर रान आहे. ह्या बघा, सगळ्या पँटभर म्हाताऱ्या!" ते बियांचे केसाळ झुबके झटकू लागले.

"झटकू नका!" भिंगवाले जवळजवळ ओरडलेच. "ताई, सगळ्यांना परसात बोलवा."

नव्या फरशा उन्हात चकाकत होत्या. दादा हाताची घडी घालून उभा राहिला. जावई त्याच्यापासून शक्य तितक्या लांब.

"जावयांनी आणलेली वनस्पती तीच आहे, जी वैद्यबुवा आणत," भिंगवाल्यांनी सुरुवात केली. "पानं, शेंगा, सगळं जुळतं. अदलाबदल झालेली नाही."

"मग गुण का नाही?" दादाने विचारलं.

"कारण वैद्यबुवांनी ती कधी वापरलीच नाही. माळ्यावरच्या जुड्या उरलेल्या नाहीत, अख्ख्या आहेत. एकही गाठ सुटलेली नाही."

ताई चमकली. "मग बाबा मलम कशाचं करायचे?"

"कशाच्या तरी ओल्या पाल्याचं. वाळलेला पाला तेलात तडतडत नाही. तडतडतं ते पाणी. मावशींचे हात हिरवे व्हायचे ते ताज्या रसाने. वर्षातून एकदा आणलेली जुडी बारा महिने ताजी राहील कशी? म्हणजे पाला जवळचाच हवा. हात धुवायला जाता जाता खुडता येईल इतका जवळचा. उन्हाळ्यात ज्याला बादलीभर पाणी लागेल आणि गवत समजून कुणी उपटायला घेतलं तर विळा हिसकावावा लागेल, असा."

सगळ्यांचे डोळे फरशांकडे वळले.

"ह्या डब्याच्या झाकणात एक बी चिकटलं होतं. टोकाला पांढरे केस आहेत. कड्यावरच्या वनस्पतीला शेंगा येतात, तिच्या बियांना केस नाहीत. पण मास्तरांच्या पँटवर हेच बी आहे." त्यांनी मास्तरांकडे हात केला. "कुठल्या झाडाचं, मास्तर?"

मास्तर वाकून बघत म्हणाले, "कळायला काय झालं? केसाळ दातेरी पानं, लांब दांड्यावर एकच फूल. कंबरमोडी! शाळेत पोरं पडली की हीच चुरडून लावायची."

"कंबरमोडी?" ताईला हसावं की रडावं कळेना. "ती तर गटाराच्या कडेला उगवते!"

"म्हणूनच. पिकतं तिथे विकत नाही. सुरुवातीला बाक ओस होता. गटाराकडेचा पाला कोण लावून घेणार? मग त्यांनी दंतकथेचा कडा गाठला. हा शेवटचा भाग माझा तर्क आहे, चूकही असेल. पण मलम खरं होतं. खोटी होती ती फक्त पायपीट."

"म्हणजे परसातली खरी घावमिटी घालवली कुणी?" मास्तरांनी भाबडेपणाने विचारलं.

दादाच्या हातांची घडी सुटली.

बाहेरच्या बाकावरून बेकरीवाल्याचा आवाज आला, "ताई, वेळ लागला तर लागू द्या. पण मला कड्यावरचीच द्या हं!"

"काका, आज समोरच चुरडून लावते," ताईने आतूनच सांगितलं. "कुठली आहे तेही दाखवते. मग नको म्हणालात तरी चालेल." आणि ती मागच्या दाराने बोळात गेली.

दादाने पायाने एक फरशी चाचपली. मग पुढच्या दाराशी गेला, बॅग उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली. परत आला तेव्हा इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या.

"जावईबापू," तो खाली बघत म्हणाला, "पहार कुठे असते आपल्याकडे?"

"माळ्यावर," जावई म्हणाला. "थांबा, मी चढतो. तेवढी उंची जमते मला."