सातात घेवडा धरायचा का?

मिरेयाने दार ढकललं तेव्हा हॉटेलात एकही गिऱ्हाईक नव्हतं. खिडकीजवळच्या मोठ्या टेबलावर मात्र सात-आठ माणसं जेवायला बसली होती... एप्रन बांधलेली, बाह्या वर केलेली. दुपारचे साडेतीन वाजले होते.

"आलीस? उशीर केलास," टोकाला बसलेले म्हातारे मालक स्पॅनिशमध्ये म्हणाले. "आधी बस. गल्ला कुठे पळून जात नाही."

ती काही बोलायच्या आत कुणीतरी खुर्ची सरकवली. शेजारच्या तरुणाने तिच्या वाडग्यात भात वाढला, त्यावर आल्यात वाफवलेल्या माशाचा गालाकडचा तुकडा ठेवला, कडेला पिकल्या केळ्याचे तळलेले दोन काप. विचारलं काहीच नाही. चुकून आपल्याला नव्या नोकरीवरची मुलगी समजताहेत, हे मिरेयाला कळलं. उठायला हवं, हेही कळलं. पण गेले अडीच महिने ती ओट्याशी उभी राहून एकटीच जेवत होती. ती बसली.

बाबा म्हणायचे, न्यूयॉर्कमध्ये चांगलं चिनी-लॅटिनो हॉटेल शोधायचं तर पाटी बघू नये, मेन्यू तर मुळीच नाही. साडेतीनला जावं. जिथे आचारी आपल्याच हातचं पुढच्या टेबलावर, उजेडात बसून खातात, तिथे जेवावं. जिथे ते मागच्या दाराशी उभ्याने पिझ्झा खातात, तिथून गुपचूप निघावं. बाबा क्युबातल्या, हवानाच्या चिनी घरातले, आठव्या अ‍ॅव्हेन्यूवर चाळीस वर्षं त्यांनी हेच जेवण रांधलं. डिसेंबरात ते गेले.

वाडगा निम्मा झाला आणि फोन वाजला. मालकांनी ऐकलं, फोन ठेवला आणि मिरेयाकडे पाहिलं.

"गल्ल्यावर बसणारी मुलगी म्हणते, आज येत नाही. मग ही कोण?"

सगळ्यांच्या हातातल्या जेवायच्या काड्या थांबल्या. मिरेयाचे कान तापले.

"मामा, आधी जेवू दे तिला," शेजारचा तरुण म्हणाला. मग तिच्याकडे वळून गंभीरपणे— "गालाचा तुकडा नव्या माणसाला पहिल्या दिवशी देतो आम्ही. आता काय करायचं?"

"परत नाही करता येणार," ती म्हणाली.

टेबल हसलं. मालकही. त्या तरुणाचं नाव एल्विन होआ. डोमिनिकन आई, चिनी बाप, आणि या स्वयंपाकघराचा आचारी. मिरेयाने त्याला येण्याचं कारण सांगितलं. बाबांचा शंभरावा दिवस मार्चअखेरीस, रविवारी. अकरा माणसं. सात पदार्थ, चिनी रीतीत शोकाच्या जेवणात असतात तसे. आठ झाले की ते लग्नाचं जेवण. आणि काळा घेवडा हवाच, त्याच्याशिवाय बाबांचं पान पूर्ण व्हायचं नाही.

एल्विनने जरा विचार केला. "सातात घेवडा धरायचा का?"

"म्हणजे?"

"भाताबरोबरचा म्हणून सोडून द्यायचा, की वेगळा वाडगा म्हणून मोजायचा? मोजला तर बाकीचे सहा करावे लागतील."

आधीच्या चार हॉटेलांत 'होईल, होईल' म्हणाले होते. हे कुणीच विचारलं नव्हतं. मिरेयाने पर्समधून रुमाल काढला आणि नुसताच हातात धरला.

"विचारून सांगते," ती म्हणाली. कुणाला, ते तिलाही माहीत नव्हतं. अशी कितीतरी जेवणं बाबांनी रांधली होती. तिने कधी विचारलंच नाही.

जागा सापडली होती. हे तिला त्याच क्षणी कळलं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच— "अजून दोन-चार ठिकाणं बघायची आहेत मला."

"बघायलाच हवीत," एल्विन पटकन म्हणाला. "मंगळवारी माझी सुट्टी असते. मी सगळ्यांना ओळखतो. एक क्वीन्समध्ये आहे... जरा लांब आहे."

पहिल्या मंगळवारी क्वीन्समध्ये पेरू देशातल्या एका माणसाच्या हॉटेलात मांसात परतलेले बटाटे इतके मऊ पडले होते की मिरेयाने ते चमच्याने खाल्ले. दुसऱ्या मंगळवारी ब्रुकलिनला भात पिवळाधमक आला.

"हा घरी ने," एल्विन म्हणाला. "वीज गेली तर वाचायला बसता येईल."

"तुम्ही आचारी लोक एकमेकांबद्दल नेहमी असंच बोलता?"

"तुझे बाबा काय बोलायचे?"

"बाबा खायचे सगळं. मग बाहेर येऊन म्हणायचे, बिचारा."

तिसऱ्या मंगळवारी बोटीने स्टेटन आयलंड. चढ चढून गेल्यावर हॉटेलच्या दारावर पत्रा ठोकलेला.

"बंद असेल असं वाटलं नव्हतं," एल्विन म्हणाला, फार साळसूदपणे.

परतीच्या बोटीत वाऱ्याने तिचे केस त्याच्या खांद्यावर जात होते. ती आवरत होती, मग तिने आवरणं सोडून दिलं. त्याने संत्रं सोलून अर्धं तिच्या हातावर ठेवलं.

"रविवार जवळ आला," तो म्हणाला. "ठरवायला हवं ना, मिरेया?"

"हो..." ती पाण्याकडे बघत राहिली. "घरी बाबांच्या फोटोपुढे मी रोज एक वाडगा मांडते. शंभराव्या दिवशी तो उचलायचा. शोधत असले की वाटतं, अजून त्यांचं काहीतरी करायचं बाकी आहे."

"अच्छा. मला वाटलं, माझ्यामुळे लांबवते आहेस."

ती हसली. डिसेंबरापासून पहिल्यांदा, आवाज करून. तो लगेच दुसरीकडे बघायला लागला, पण त्याचे कान लाल झालेले तिला दिसले.

"घेवड्याचं तुझ्या आत्याला विचारणार होतीस ना? काय म्हणाली?"

"सकाळी म्हणाली धरायचा. संध्याकाळी म्हणाली नाही धरायचा. मग म्हणाली, अर्तुरोला विचार... म्हणजे बाबांनाच! आणि फोन ठेवून दिला."

एल्विनने संत्र्याची शेवटची फोड खाल्ली. "मग मी घेवडा भातातच शिजवतो. भाताला कुणी मोजत नाही."

रविवारी एल्विनच्या हॉटेलात तसंच झालं. मासा, कोंबडी, पाल्याचं सूप... एकेक येत गेलं. आत्याने बोटाने मोजले, सात. घेवड्याने काळपट झालेला भात तिने दोनदा घेतला, तिसऱ्यांदा घेतला आणि मग म्हणाली, "अर्तुरोने घेवडा भातात घातला नसता."

मिरेयाचा हात थांबला. तीन आठवडे याचीच भीती होती, बाबांचं शेवटचं एक काम, तेही चुकलं.

"मग त्यांनी मोजला असता?"

"कसला मोजतोय! वेगळा वाडगा ठेवला असता, आठवा. आणि मी मोजायला लागले की माझ्याकडे पाठ करून उभा राहिला असता. दर वेळी तेच करायचा, मेला." आत्या हसत होती आणि डोळे पुसत होती. "हे बरं केलं या पोराने. भांडायला जागाच ठेवली नाही."

मिरेयाच्या डोळ्यांसमोर बाबा तसेच उभे राहिले, पाठमोरे, खांदे हसण्याने हलताहेत. मग तिने पोटभर जेवून घेतलं.

पाहुणे गेले. बाहेर ब्रॉडवेवर उन्हं कलली होती. एल्विन एप्रन सोडून तिच्यासमोर येऊन बसला.

"झालं," ती म्हणाली.

"झालं. आता शोधायला काही नाही."

तिने टेबलावर सांडलेली चार शितं बोटाने गोळा केली.

"एक सांगू?" मिरेया म्हणाली. "जागा मी पहिल्याच दिवशी ठरवली होती. ते तीन मंगळवार... नुसतेच होते."

एल्विनने हातातल्या फडक्याची घडी केली, पुन्हा मोडली. "मलाही सांगायचंय. क्वीन्स, ब्रुकलिन... वाईट आहेत ते मला माहीत होतं. लांब होती म्हणून निवडली."

"आणि स्टेटन आयलंड?"

"ते सहा वर्षांपूर्वी बंद झालं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याने या वेळी नजर वळवली नाही. टेबलावरचा त्याचा हात उताणा होता. तिने आपला हात त्यावर ठेवला.

"न्यू जर्सीत एक आहे," तो हळूच म्हणाला. "दोन गाड्या आणि एक बस."

"जेवण कसं आहे?"

"अतिशय वाईट."

"मग मंगळवारी लवकर निघायला हवं," मिरेया म्हणाली.