दोन्ही उजवे

दोष आत्मारामकाकांचा, असं सगळं उमेळं गाव म्हणतं, आणि मी म्हणू देतो. प्रेमलाआत्याच्या सुपांवर पाय काढले ते मी.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नवरा मेल्यापासून आमच्याकडेच. चौथी शिकलेली, चित्र काढायला कुणी शिकवलं नाही. घरातलं माणूस गेलं की तेराव्याला ती एक जुनं सूप शेणाने सारवायची आणि चुन्यात काडी बुडवून त्या माणसाला त्यात उभं करायची. गुडघ्यापर्यंतच. खाली कोरं. मग सूप भिंतीला लावायचं, उघडी बाजू खाली करून.

लहानपणी मी विचारलं होतं, "पाय का नाहीत गं?"

"सुपाला खालून काठ नाय. पाय दिले तर उतरतील."

सहा सुपं ओटीवर होती. सातवं तिच्या नवऱ्याचं. ते स्वयंपाकघराच्या दाराआड, चित्र भिंतीकडे करून. भातात एक खडा लागला तर तो माणूस तिला पोतंभर तांदूळ पुन्हा पाखडायला लावायचा, आणि नंतर मारायचा. तीनदा ती माहेरी पळून आली. तिन्ही वेळा आत्मारामकाकांनी स्वतः नेऊन तिला परत सोडलं. समाजाचे अध्यक्ष ना ते, निवृत्त हेडमास्तर, अब्रूची काळजी त्यांनाच. आमच्या घरातही तेव्हा एकाचं तोंड उघडलं नाही.

गेल्या फेब्रुवारीत काकांनी समाजाच्या हॉलमध्ये गावातल्या न शिकलेल्या कलाकारांचं प्रदर्शन भरवलं. सहा सुपं द्यायला आत्या तयार झाली आणि भुईगावला एका लग्नाला गेली. मी टेम्पो घेऊन आलो, सहा ठेवली, आणि दाराआडचं सातवंही उचललं. सगळ्यांत चांगलं चित्र तेच होतं.

हॉलवर काकांनी चष्मा वर केला. "ही अर्धवट कशी लावायची? मुंबईहून जाणकार येणारेत. विघ्नेश, कॉलेज सोडायच्या आधी दोन वर्षं रंग उधळलेस ना? मग कर पूर्ण."

नाही म्हणता आलं असतं. पण मला हात दाखवायचा होता. पांढरा अ‍ॅक्रिलिक घेतला आणि दोन तासांत सातही उरकली. शेवटच्या सुपात घाईघाईत दोन्ही पाय उजवे झाले. दोन्ही अंगठे एकाच बाजूला.

उद्घाटनाला मुंबईच्या रचनाबाई नेमक्या त्याच सुपासमोर थांबल्या. "हे दोन उजवे पाय... शिकलेल्या माणसाला हे सुचणारच नाही!"

मी मागे उभा होतो. लाज वाटायला हवी होती. मी फुगलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या आली. सहा सुपांसमोरून हळूहळू चालत गेली. सातव्यासमोर तिचा हात आपोआप गालावर गेला.

"पाय कुणी दिले?"

"काकांनी," मी म्हटलं. काकांना साध्या आंब्याचं चित्र काढता येत नाही. पण त्यांच्याबद्दल तिला काहीही खरं वाटलं असतं.

"बाकीची राहू दे. माझी मानसं हायेत ती. याचे पूस. आत्ता."

"अगं, उद्या शेवटचा दिवस. पेपरवाले फोटो काढणारेत. उद्या पुसतो."

"विघ्नेश..."

"उद्या, आत्या."

मी कॉलेज सोडलं तेव्हा घरात माझ्याशी बोलायचं न थांबवलेली ती एकटीच. त्या सकाळी ती काही न बोलता घरी गेली.

दुपारी एक ते चार हॉल बंद. राखणीला मी होतो. दार आतून लावलं आणि स्टेजवर आडवा झालो. वीज गेली, पंखा थांबला. बाहेरच्या बिल्डिंगच्या कामाची घरघरही बंद पडली. शेणाचा वास आला. सुकलेल्या नव्हे, ओल्या, नुकत्या सारवलेल्या शेणाचा.

मग आवाज आला. सळ्ळ... सळ्ळ... कुणीतरी पाखडत होतं. आवाज भिंतीकडून येत होता. मी डोळे उघडले नाहीत. मध्येच तो थांबला, आणि काहीतरी हलकंसं जमिनीवर उतरलं. एकदा. पुन्हा एकदा. ओल्या पायांनी फरशीवर चालल्यासारखं... चपक... चपक... माझ्या उशाशी आलं, थबकलं, आणि दाराकडे गेलं.

डोळे उघडले तेव्हा सहा सुपं जागच्या जागी होती. सातवं हलत होतं. त्यात नुसतं शेण. चुन्याची एक रेघ नाही. खाली कोंड्याचा लहानसा ढीग, आणि ढिगापासून दारापर्यंत पांढरी पावलं. दोन्ही उजवी.

कडी आतून तशीच होती.

मी पळत सुटलो. घरात आई-बाबा आतल्या खोलीत झोपलेले. आत्या स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून बसली होती. समोर तांदूळ सांडलेले, मांडीवर सूप, बोटं रक्ताळलेली.

"आत्या... काय झालं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला मी दिसत होतो की नाही, ठाऊक नाही.

"आत्मारामनं पुन्हा त्याच्या हवाली केलं मला," ती म्हणाली. "चौथ्यांदा..."

मी केलं, आत्या. एवढं बोलायचं होतं. तोंड उघडलं नाही. या घरात कुणाचंच उघडत नाही, आणि मीही याच घरातला. रिक्षा दाराशी येईपर्यंत ती गेली. डॉक्टर म्हणाले, हार्ट.

तिचे ते शेवटचे शब्द माझ्याकडून गावभर झाले. तेव्हापासून काका रस्त्यात दिसले की लोक तोंड फिरवतात. तीनदा नेऊन सोडल्याचं आता सगळ्यांना आठवतं. ते मला कधी काही विचारत नाहीत.

तेराव्याला आत्याचं सूप मी सारवलं. चुन्यात काडी बुडवली, आणि हात पुढे गेला नाही. ते कोरंच राहिलं. त्याच्या शेजारी सातवंही अजून कोरं आहे. आई आता तांदूळ निवडलेलेच आणते, पिशवीतले. घरात पाखडायला काही नाही. तरी जेवणं झाली, सगळे लवंडले की स्वयंपाकघरातून आवाज येतो. सळ्ळ... सळ्ळ... आणि मध्येच थांबतो, खडा सापडल्यावर थांबतो तसा. आम्ही सगळे जागे असतो. कुणी उठत नाही.

माझी आत्या गेली. तिला सांगितलेलं खोटं तसंच राहिलं. चित्र मी पुन्हा काढलेलं नाही.