चंद्री बसली तिथं

चंद्री म्हैस बसली, ती नेमकी त्या पांढऱ्या रेघेवर.

जागेला काही तोटा नव्हता. विहिरीच्या वरच्या अंगाला सगळं पडीक रान मोकळं पडलं होतं. पण बाईसाहेब आल्या, रेघेवर ऐसपैस बसल्या आणि डोळे मिटून रवंथ करू लागल्या.

"ओ मॅडम... ही म्हैस तुमची का?"

विहिरीवर दुधाचे कॅन धुणाऱ्या तृप्तीनं मान वर केली. समोर एक तरुण उभा होता. एका हातात रेघ आखायच्या फक्कीचं घमेलं, दुसऱ्या हातात मोजायची टेप आणि भुवयांवर पांढरी पूड.

"माझीच. का, काय केलं तिनं?"

"माझी लाइन मोडून राह्यली."

"मंग तिलाच सांगा की. लई समजूतदार आहे ती."

आणि तो खरंच तिला सांगायला गेला! चंद्रीसमोर वाकून म्हणाला, "उठा बाई, नोकरीचा सवाल आहे..." चंद्रीनं शेपूट असं झाडलं की रेघेवरची उरलीसुरली फक्कीही त्याच्या तोंडावर आली. तृप्ती खळखळून हसली. इतकी की हातातला कॅन निसटून घरंगळत गेला आणि तो त्यानंच पळत जाऊन आणून दिला. कॅन घेताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. दोघंही उगाचच चंद्रीकडे बघू लागली.

त्याचं नाव कल्याण. गाव अंतरवाली सराटीकडचं. नोकरीला लागून जेमतेम सहा महिने झालेले. वस्तीवरच्या गोठ्यागोठ्यात शेणाच्या टाक्या बसणार होत्या आणि त्यातला गॅस नळीनं आष्टीजवळच्या प्लँटवर जाणार होता. त्या नळीचा रस्ता आखायला कंपनीनं त्याला पाठवलं होतं. शेणाला भाव मिळणार, घरापुरता गॅस मिळून चुलीचा धूर जाणार, म्हणून तृप्तीनं स्वतः दारोदार फिरून बेचाळीस गोठ्यांच्या सह्या गोळा केल्या होत्या. ती आणि तिचे वडील, सर्जेराव अण्णा, वस्तीचं दूध संकलन केंद्र चालवायचे. तेव्हा कल्याणची सगळ्यात जास्त वाट तिनंच पाहिली होती. म्हणजे, त्याच्या पाइपलाइनची. असं तिचं म्हणणं.

मग रोज सकाळी दूध घालणाऱ्यांच्या रांगेशेजारी त्याची मोटारसायकल उभी राहू लागली.

"साखर किती?" तृप्ती चहा करताना विचारायची.

"तुम्ही घालाल तितकी."

"म्हणजे न्हाई घातली तरी चालेल?"

"चालेल... पण मंग तुम्ही समोर बसा."

अण्णा खोकायचे. तृप्ती घाईघाईनं फॅटच्या मशीनकडे वळायची आणि तिचे कान गरम व्हायचे.

चौथ्या दिवशी चहाच्या कपाखाली त्याचा कागद राहिला. तिनं सहज वाचला. पर्यावरण तपासणी, या शब्दांपुढं लिहिलं होतं, 'सूट.'

"हे काय?"

"गोठ्यातल्या गॅसच्या लाइनला तपासणीतून सूट आहे. सुनावणी न्हाई, काही न्हाई. मी सही केली की सोमवारी मशीन येतं. काम जल्दी होतं."

"म्हणजे कुणाला काही विचारायचंच न्हाई?"

"गरज न्हाई."

"गरज न्हाई म्हणून विचारायचंच न्हाई का?"

तिनं ते सहजच म्हटलं होतं. पण कल्याणनं कागदाची घडी घालून खिशात ठेवली, आणि उगीच बोलले असं तिला झालं.

त्या दुपारी ती कॅन धुवायला गेली तर चंद्री पुन्हा त्याच जागी बसलेली. रोज तिथंच! वैशाखाचं ऊन, सारं रान करपलेलं. तृप्तीनं नीट बघितलं तेव्हा तिला दिसलं, चंद्रीच्या अंगाखाली हराळी हिरवी होती. म्हशीला गारवा लागतो हे काय तिला नव्यानं कळायचं होतं? पण गारवा तिथंच का? तिनं विहिरीत डोकावून पाहिलं. झरा त्याच बाजूनं झिरपत होता. सोमवारी तिथंच पाच फूट खोल चर जाणार होता. झऱ्याचं पाणी चराच्या वाटेनं खालच्या ओढ्यात गेलं तर विहीर आटणार. आणि मृगापर्यंत पाणी टिकणारी वस्तीवर ती एकच विहीर होती.

बोलावं, तर लाइन दुसऱ्या वस्तीला जाईल आणि बेचाळीस घरं तिला बोल लावतील. शिवाय ज्याची सही होणार होती, त्याचं काय? तिला त्याची काळजी वाटत होती, आणि ती वाटते याचा रागही येत होता.

तरी ती कल्याणपाशी बोलली. "हसणार न्हाई ना? माझी म्हैस म्हणती... तिथं पाणी आहे."

तो हसला नाही. चंद्री उठून गेलेल्या जागी गुडघे टेकून त्यानं तळवा मातीवर ठेवला. "गार आहे," तो म्हणाला. तृप्तीनंही हात ठेवला, अगदी त्याच्या हाताशेजारी. माती खरंच गार होती. तिचा तळवा मात्र तापला होता.

कल्याणनं शर्टाच्या बाह्या सारल्या आणि स्वतः टिकाव घेतला. चार फुटांवर ओला मुरूम लागला. चहा होईपर्यंत खड्ड्यात पाणी चमकू लागलं.

अण्णा धावत आले. "बुजवा तो खड्डा! कुणी पाह्यला न्हाई अजून. हातची लाइन जाईल, पोरी. इतके दिवस सगळ्यांना आशा लावली आपण..." त्यांचा आवाज कापत होता. तृप्तीला त्यांचं दुःख कळत होतं, तरी ती खड्ड्याच्या काठावरून हलली नाही.

कल्याणचा फोन वाजला. त्यानं साहेबांना खड्ड्याचा फोटो पाठवला होता.

"सूट असताना खड्डा खणायला तुला कुणी सांगितलं?" पलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"कुणी न्हाई, सर. पण पाणी बराबर इथंच आहे. मी सही न्हाई करत."

संध्याकाळी त्याला जालन्याच्या ऑफिसात हजर व्हायचा निरोप आला.

मोटारसायकलला किक मारता मारता तो थांबला. "लाइन गेली तर... शिव्या द्याल मला."

"देईन," तृप्ती म्हणाली. तिनं हनुवटी वर केली. "पण समोर उभं राहून देईन. त्यासाठी यावं लागेल तुम्हाला."

वैशाख गेला, ज्येष्ठ गेला, आषाढही सरत आला. निरोप नाही. रांगेत कुजबुज व्हायची, तृप्ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची. विहीर मात्र मृगापर्यंत टिकली. सगळे तिचंच पाणी भरत होते आणि तृप्तीवरच रुसले होते. एका सकाळी तिनं पुंजाराम काकांचं दूध गायीच्या खात्यात लिहिलं.

"तृप्ते," काका म्हणाले, "माझी म्हैस गाय कधी झाली गं?"

सगळी रांग हसली. तृप्तीही हसली आणि आत जाऊन थोडी रडली. त्याची आठवण येत होती. दुसरं काही नव्हतं.

श्रावणातल्या एका दुपारी ती विहिरीवर गेली, तर रानात पुन्हा पांढरी रेघ! पण आता ती सरळ नव्हती. चंद्रीच्या जागेला लांबून वळसा घालून विहिरीच्या खालच्या अंगानं गेली होती. रेघेच्या टोकाला कल्याण उभा होता. भुवयांवर फक्की होतीच.

"तीन रस्ते काढून दाखवले साहेबांना," तो म्हणाला. "दोन महिने फायली धरून बसलो. आता प्रत्येक वस्तीची विहीर आधी बघायची, हे काम माझ्याच गळ्यात घातलंय. तुमची लाइन तुमच्याकडेच आहे."

बारीक सर आली. रेघ हळूहळू मातीत उतरू लागली.

"पुसून चालली बघा तुमची मेहनत..."

"जाऊ द्या. पाठ आहे मला." तो एक पाऊल पुढं आला. "शिव्या खायला आल्तो. त्याआधी एक विचारायचं होतं..."

"विचारण्यातून तर सूट असती ना तुम्हाला?" ती डोळे पुसत म्हणाली.

"इथं नको. इथं पुरी तपासणी पाहिजे. अण्णांनी विचारावं, वस्तीनं विचारावं, माझ्या गावात येऊन चौकशी करावी. पण आधी तुम्हाला विचारतो... माझ्याशी लग्न कराल?"

पाऊस थोडा वाढला. त्याच्या भुवयांवरची फक्की ओघळून डोळ्यांत जात होती, तरी तो पापणी न लवता उभा होता. तृप्तीनं ओढणीच्या टोकानं ती पुसली. पुसून झाली तरी हात काही लगेच मागं घेतला नाही.

"अण्णांना मी आज सांगते. तुम्ही उद्या आईवडलांना घेऊन चहाला या."

"म्हणजे... हो?"

"हो," ती म्हणाली. "पण चहा ह्याच विहिरीच्या पाण्याचा असतो. आता जन्मभर तोच प्यावा लागेल."