पंचमीची फॅमिली रूम

मिसळ खाताना माझं नाक वाहतं. आजही वाहतं, आणि दोन हजार एक साली, मी तेवीस वर्षांची होते तेव्हा, तर धो धो वाहायचं. म्हणून शिरूर स्टँडसमोरच्या हॉटेल पंचमीत मला पडद्याआडच बसायचं असायचं. बाहेरच्या हॉलमध्ये सगळी गडीमाणसं. त्यांच्यासमोर एकट्या पोरीनं नाक पुसत रस्सा ओरपायचा म्हणजे... नको गं बाई.

पण पडद्याआडच्या खोलीवर पाटी होती, ‘फॅमिली रूम’. आत तीन टेबलं, तीन पडदे. एरवी म्हस्कूमामा, म्हणजे तिथले जुने वेटर, मला एकटीला बसू द्यायचे. बाजाराच्या दिवशी मात्र नाही. चार माणसांचं टेबल एकीनं अडवलं तर मालक त्यांच्यावर खेकसायचा.

आणि त्या दिवशी नेमका बाजार. सकाळपासून टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये पोरांच्या चुका तपासून माझं डोकं उठलेलं, पोटात कावळे ओरडत होते, आणि म्हस्कूमामा दारात आडवे उभे.

“ताई, आज एकट्याला न्हाई जमायचं. फॅमिली पायजे.”

“हाय की,” माझ्या मागून कुणीतरी म्हणालं. “आम्ही दोघं हाय.”

वळून पाहिलं तर एक सावळा, उंच मुलगा. हातात पत्र्याची पेटी, बोटांना ग्रीस. मी त्याला ओळखत नव्हते, तो मला ओळखत नव्हता. मी तोंड उघडायच्या आत म्हस्कूमामांनी पडदा सारलासुद्धा. आता काय करणार... भूक फार वाईट. मी मुकाट्यानं आत जाऊन बसले.

बसल्यावर मात्र चांगलं सुनावलं. ही कुठली पद्धत, ओळख ना पाळख, असं बरंच काही. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही, पहाटे दौंडहून निघालोय, खाऊन लगेच जातो म्हणाला. तुम्हाला संकोच वाटत असेल तर भिंतीकडं तोंड करून खातो, असंही म्हणाला. मला वाटलं बोलायचं म्हणून बोलतोय. पण त्या पठ्ठ्यानं खरोखर खुर्ची फिरवली, प्लेट मांडीवर घेतली आणि भिंतीकडं बघत जेवायला लागला. मला असं हसू फुटलं की रस्सा थेट नाकात. ठसका थांबेना. त्यानं न वळताच पाण्याचा ग्लास मागे धरला.

“हसलात ना?” तो भिंतीला म्हणाला. “मग वळू का आता?”

वळला. आणि काय सांगू... बरा होता दिसायला.

त्याचं नाव सतीश. दुकानदारांचे, भाजीवाल्यांचे वजनकाटे दुरुस्त करायचा. बाजाराच्या दिवशी पेटी घेऊन शिरूरला यायचा. आमच्याकडं गाव विचारलं की लगेच आडनाव विचारतात, तसं त्यानंही विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, जय भीम. मीही जय भीम म्हटलं, आणि का कुणास ठाऊक, दोघांनाही जरा हायसं वाटलं.

त्यानंतर दर बाजारी आम्ही फॅमिली. ठरवलं काही नव्हतं. तो दारात पेटी घेऊन उभा असायचा, मी यायचे, म्हस्कूमामा पडदा सारायचे.

पंचमीच्या तेव्हा तीन शाखा होत्या. शिरूर, चौफुला आणि दौंड स्टेशन. तिन्हीकडं भिंतीवर बर्फाच्या डोंगरांचं तेच पोस्टर, त्याच कोपरे दबलेल्या स्टीलच्या प्लेटा, तीच लिंबाची एवढीशी फोड. सतीश तिन्ही ठिकाणी जेवायचा आणि ठणकावून सांगायचा की रस्सा खरा दौंडचा, शिरूरचा पाणचट. मला राग यायचा. माझ्या शिरूरला नावं ठेवणारा हा कोण? एकदा म्हटलं, पुरावा आणा. तर पुढच्या बाजारी हा माणूस दौंडचा रस्सा प्लॅस्टिकच्या पिशवीत रबर लावून एसटीनं घेऊन आला. पिशवी गळलेली, शर्टाचा खिसा लालभडक. दोन्ही रस्से चाखले. खरं सांगते, तसूभर फरक नव्हता.

“शिरूरचाच भारी,” मी म्हटलं.

“खोटं बोलताना तुमचं नाक लाल होतं.”

“ते तिखटानं.”

“मग रोज तिखट खात जावा,” तो म्हणाला, आणि उगाच कांदा चिवडत बसला.

आज मुलं मोबाइलवर हॉटेलांचे स्टार बघून जेवायला जातात. जाऊ देत बापडी. पण डुगडुगणारं टेबल, खाली घडी घालून सारलेला कागद, एका बाटलीत दोन स्ट्रॉ आणि समोरचा हळूच आपला घोट लांबवतोय हे कळत असूनही गप्प बसणं... ते सुख काही औरच होतं. आठ महिने असे गेले. एक शब्द प्रेमाचा नाही. मी मनातून वाट बघत होते, तो मात्र पाव मागवत होता.

अशातच मला स्थळ आलं. मुलगा चिंचवडला, कंपनीत पर्मनंट, स्वतःचा फ्लॅट. माझे वडील, आबा, आमच्या न्हावऱ्यात त्यांना कोंडिबा गवंडी म्हणून सगळे ओळखायचे, ते एकटेच जाऊन घर बघून आले. घर चांगलं हाय, रविवारपर्यंत कळवायचंय, एवढंच बोलले. मला हो म्हणता येईना आणि कुणासाठी नाही म्हणायचं तेही सांगता येईना.

रविवारच्या आधीचा बाजार आला. मी सतीशला सगळं सांगितलं आणि त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. त्यानं चमचा खाली ठेवला. पोस्टरवरच्या डोंगरांकडं बघितलं.

“चांगलं स्थळ हाय,” तो म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढंच? आठ महिन्यांनी एवढंच? मग तो घडाघडा बोलायला लागला. त्याच्याकडं काय, एक पेटी आणि पत्र्याची खोली. जन्मभर न्यायचं म्हटलं तरी तो मला पंचमीतच नेणार. तिकडचे लोक चांगल्या हॉटेलात नेतील. मी म्हटलं, चांगलं हॉटेल मागितलंय कुणी तुमच्याकडं? आणि माझे डोळे भरून आले.

नेमके त्याच वेळी आबा बाहेर हॉलमध्ये चहाला टेकले होते. नवी थापी घ्यायला बाजारात आले होते. म्हस्कूमामा त्यांना ओळखायचे, मी त्यांची लेक हेही जाणून होते. त्यांनी अगदी आपुलकीनं विचारलं, “कोंडिबा, लेक-जावई आत बसल्यात, आन् तुम्ही हितंच का वं?”

म्हस्कूमामांना तरी काय बोल लावायचा? दर बाजारी ज्यांना आपण फॅमिलीत बसवतो ते नवरा-बायकोच असणार, दुसरं कोण?

पडदा सरकला आणि दारात आबा. सतीश ताडकन उभा राहिला. आबा खुर्ची ओढून बसले, म्हस्कूमामांना अजून एक मिसळ सांगितली. मग सतीशला गाव विचारलं. मामाचं गाव विचारलं, ते कवठे येमाई निघालं. काम विचारलं. सतीश उभ्यानंच उत्तरं देत होता.

“बसा पावणं, गार होतंय,” आबा म्हणाले. “लगीन कवा केलंत? आमाला बोलावणं न्हाई आलं.”

सतीशचा चेहरा उतरला. “लगीन न्हाई झालं, आबा. पहिल्या दिवशी भुकंपायी मी खोटं बोललो. त्यांची काय चूक न्हाई.”

आबांनी माझ्याकडं बघितलं. “मग चिंचवडला काय कळवू?”

मी सतीशकडं बघितलं. तो प्लेटमध्ये बघत होता. तेव्हा मला कळून चुकलं की याच्या तोंडून शब्द निघायची वाट बघितली तर मी चिंचवडला पोचलेली असेन.

“नाही म्हणून कळवा,” मी म्हटलं. “मला हा पाहिजे, आबा. तो विचारत नाही, म्हणून मीच सांगते.”

“आन् तुमाला?” आबांनी त्याला विचारलं.

“मला पहिल्या दिवसापास्नं,” सतीश म्हणाला. आवाज इतका बारीक की आबांना पुढं वाकावं लागलं.

तेवढ्यात मिसळ आली आणि आबा खाली मान घालून खायला लागले. मला वाटलं, आता उठतील आणि मला हाताला धरून घेऊन जातील. मग खाता खाताच ते चिंचवडचं सांगायला लागले. त्या लोकांनी त्यांना मोठ्या हॉटेलात नेलं होतं. गार हवा, मागं उभा राहून वाढणारा वेटर, टेबलावर पांढरंशुभ्र कापड. आबांच्या नखांत सिमेंट. त्यांनी अर्धी रोटी खाल्ली आणि पोट भरलं म्हणून सांगितलं. घरी येऊन आईकडं भाकरी मागितली.

“मानसं चांगली व्हती,” आबा म्हणाले. “कुनी काय बोललं न्हाई. पन मी हात टेबलाखाली धरून बसलो व्हतो, प्राची. म्हनलं, लेकीच्या घरी जाईन तवा दर येळी असंच बसायचं का?”

बापाच्या पोटात हे होतं आणि मला त्याचा गंधसुद्धा नव्हता. मी रडायला लागले ते आता वेगळ्याच कारणानं.

आबांनी प्लेट चाटूनपुसून साफ केली. चिंचवडला मी कळवतो म्हणाले. मग सतीशकडं वळले.

“रविवारी आई-वडलांना घिऊन ये न्हावऱ्याला,” ते म्हणाले, आणि त्याच्या प्लेटमध्ये उरलेला अर्धा पाव उचलून त्याच्याच रश्शात बुडवून खाल्ला. आबांना असं कुणाच्या ताटातलं न विचारता घेताना मी तोवर कधीच पाहिलं नव्हतं.