तंबूतला झारा

"पीठ मी आणीन, पण मळणार नाही," मंदाकिनी म्हणाली.

"मग खाऊही नकोस," बिलकिस म्हणाली. "यज्ञा, तू काय आणणार?"

"भूक," यज्ञेश्वर म्हणाला.

खडकीच्या कामगार वसाहतीत, क्लबच्या पायरीवर बसून तिघांची योजना चालली होती. मे महिन्याची सुट्टी होती. कुसारवाडीच्या तलावाकाठी सरकारी वनोद्यान होतं आणि तिथे क्लबच्या मुलांचा चार दिवस मुक्काम ठरला होता. तिथल्या साहेबांची अट एकच, तंबू तुमचे तुम्ही आणा. क्लबकडे लष्कराच्या लिलावातून आणलेले तीन जुने तंबू होते. ते फाटले होते, पण बिलकिसचे अब्बा शमशुद्दीन गाड्यांच्या सीट आणि ताडपत्र्या शिवायचे. त्यांनी कारखान्यातून रात्रपाळी करून आल्यावर रोज दुपारी बसून ते शिवून दिले होते. फुकट, बरं का.

बिलकिस आजवर एकही रात्र घराबाहेर राहिली नव्हती. तिचे अब्बा या वेळी 'हो' म्हणाले होते ते त्या तंबूंमुळेच. "माझ्या हातची शिवण आहे. बेटा, खुशाल झोप त्यात," असं ते म्हणाले होते. तेव्हापासून ही पोरगी हवेतच चालत होती.

तेवढ्यात क्लबचे चिटणीस दिगंबरकाका पाठक आले. त्यांनी शर्टात हात घालून जानव्याला अडकवलेली किल्ली काढली आणि सामानाची खोली उघडली. मुलांनी पहिला तंबू ओढून बाहेर उलगडला आणि तिघांचीही तोंडं उतरली. कापडाला मोठमोठी भोकं पडली होती. काठावर काळं झालं होतं आणि सगळीकडे तेलकट डाग होते. दुसऱ्याची आणि तिसऱ्याचीही तीच गत.

"वाट लावली," दिगंबरकाका म्हणाले. अगदी लगेच म्हणाले. "त्या शमशुद्दीननं वाट लावली. मी न उघडताच आत ठेवले होते. कुणाच्या हातात काय द्यावं हे आपल्यालाच कळायला हवं होतं."

"काका, अब्बांनी चांगले करून दिले होते," बिलकिस म्हणाली. "घडी घालताना मी स्वतः टोकं धरली होती."

"तू त्याचीच बाजू घेणार." आणि ते तरातरा निघाले ते थेट शमशुद्दीनच्या दारात.

काय काय बोलले ते! सगळी आळी दारात येऊन ऐकत होती. बिडीच्या ठिणग्यांनी जाळलेत म्हणाले, तंबूंवर जेवायला बसला असाल म्हणाले. शमशुद्दीन बिडी ओढत नव्हते, ही गोष्ट आळीतल्या प्रत्येकाला ठाऊक होती. पण बोललं कोण? कुणीही नाही. क्लबचे अध्यक्ष जयसिंगराव, निवृत्त हवालदार, मिशीला पीळ देणारे, तेसुद्धा चपला काढून आपल्या घरात निघून गेले.

शमशुद्दीन फक्त एवढंच म्हणाले, "मी दिले तेव्हा ठीक होते." दिगंबरकाका गेल्यावर त्यांनी दार लावलं आणि बिलकिसला सांगितलं, "आता आपल्या घरातलं कुणी त्या क्लबची पायरी चढणार नाही. आणि तलावाचं विसर."

बिलकिस रडली नाही. तिला इतका राग आला होता की रडायला सवडच नव्हती. ती मागच्या दारानं बाहेर पडली आणि तिनं मंदाकिनी आणि यज्ञाला गाठलं.

"मला तंबू परत बघायचेत," ती म्हणाली.

"पायरी चढायची नाही म्हणाले ना तुझे अब्बा?" मंदाकिनीनं विचारलं.

"तंबू अंगणात टाकलेत. पायरी चढायची गरजच नाही."

तंबू तसेच पडले होते आणि त्यांच्यावर मुंग्यांची रांगच्या रांग लागली होती. यज्ञानं खाली वाकून एका डागाचा वास घेतला. मग बोट लावून चाखलंही.

"शी! काय करतोस?" मंदाकिनी किंचाळली.

"खात्री नको करून घ्यायला? पाक आहे. जिलबीचा."

"आमच्या घरी कुणी जिलब्या तळत नाही," बिलकिस म्हणाली. "आणि ही भोकं बिडीची नाहीत. बघ केवढी आहेत. चुलीतले निखारे उडालेत यावर."

तिसऱ्या, अर्धवटच उलगडलेल्या तंबूच्या घडीत काहीतरी टणक लागलं. बिलकिसनं आत हात घालून ओढलं, तर निघाला हातभर लांब स्टीलचा झारा. आपल्याकडे लग्नकार्यात भांडी इकडची तिकडे होतात, म्हणून बायका त्यांच्यावर नाव घालून घेतात. याही झाऱ्याच्या दांड्यावर ठिपक्याठिपक्यांनी लिहिलं होतं, 'सौ. श्यामला केतकर, शुक्रवार पेठ'.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि स्वारगेटची बस पकडली.

शुक्रवार पेठेत उतरेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. पिठाच्या गिरणीवाल्यानं विचारताक्षणी हात दाखवला. "केतकरबाई? रविवारी मुंज झाली ते ना? ते काय, दाराला तोरण आहे अजून."

दार उघडणाऱ्या बाईंच्या चेहऱ्यावर अर्धवट झोपेचा वैताग होता.

"ही काय यायची वेळ झाली? वर्गणी देणार नाही."

बिलकिसनं झारा पुढे केला.

बाई झाऱ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "आत या. चपला बाहेर. पाणी हवंय का, की झारा दाखवून पोट भरलं?"

लाडवांची ताटली पुढे आली तसा यज्ञा एकदम शहाण्यासारखा बसला. बिलकिसनं मात्र लाडवाला हात लावला नाही. तिनं विचारलं, "मुंजीच्या दिवशी अंगणात तंबू बांधले होते का?"

"होते की. आमच्या दिगंबरनं आणले होते खडकीहून. माझा धाकटा भाऊ. म्हणाला, मांडव कशाला घालतेस ताई, क्लबचे तंबू आहेत. मी म्हटलं, चुलीच्या डोक्यावर बांधू नकोस रे बाबा. ऐकेल तर शपथ! पेटायचेच राहिले. पण तुम्हाला कुणी सांगितलं?"

बिलकिसनं सगळं सांगितलं. अब्बांना दारात उभं करून काय काय म्हटलं, तेही एक शब्द न गाळता सांगितलं. श्यामलाबाईंचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"मीही तेच केलंय गं," त्या म्हणाल्या. "झारा सापडेना म्हणून आमच्या आचाऱ्याला, दत्तोबाला, पंगतीसमोर चोर म्हटलं. आता मलाही त्याच्या दारात जायला हवं." मग त्यांनी झारा परत बिलकिसच्या हातात दिला. "एवढे दिवस तंबूत राहिला, आणखी एक दिवस तुझ्याकडे राहील. दिगंबरला म्हणावं, ताईनं विचारलंय."

संध्याकाळी क्लबच्या अंगणात सगळी वसाहत जमली. दिगंबरकाका उभे राहून म्हणाले, "झाल्या प्रकारामुळे सहल रद्द. आणि इथून पुढे शमशुद्दीनला क्लबचं कुठलंही काम द्यायचं नाही."

"काका, एक विचारू?" बिलकिस पुढे आली. मंदाकिनी आणि यज्ञा दोन्ही बाजूंना उभे राहिले. "अब्बांनी तंबू आणून दिल्यावर ते कुठे गेले होते का?"

"कुठे जाणार? खोलीला कुलूप होतं."

"किल्ली आणखी कुणाकडे असते?"

"कुणाकडे नाही. ती माझ्या जानव्याला असते, आंघोळीलासुद्धा काढत नाही."

"म्हणजे तुमच्याशिवाय कुणीच ते बाहेर काढू शकत नाही?"

"शक्यच नाही," दिगंबरकाका मोठ्या अभिमानानं म्हणाले.

बिलकिसनं पाठीमागे धरलेला झारा टेबलावर ठेवला. "मग हा तंबूच्या घडीत कसा आला?"

दिगंबरकाकांनी झारा उचलून पाहिला आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अरे, हा तर आमच्या ताईचा! हा ती मुंजीपासून शोध..." पुढचा शब्द त्यांनी गिळला, पण उशीर झाला होता.

"आणि तंबूला लागलाय तो पाक तिथल्या जिलबीचा," यज्ञा म्हणाला. "मी चाखलाय."

"ताईंनीच सांगितलं आम्हाला, तंबू तुम्ही नेले होते म्हणून," मंदाकिनी म्हणाली. "चुलीवर बांधू नकोस म्हटलं होतं, हेही सांगितलं."

दिगंबरकाकांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. "घाईगर्दीत राहून गेलं सांगायचं," ते पुटपुटले. "चुकलं माझं, बिलकिस."

"मला नका सांगू," ती म्हणाली. "अब्बांना सांगा. दारात उभे राहून सांगा, तेवढ्याच मोठ्या आवाजात."

जयसिंगराव उठले. त्यांनी तिघांच्या पाठीवर थाप मारली. "शाबास रे पोरांनो! पोलिसांना जमलं नसतं. आणि बिलकिस, तू तर कमाल केलीस बाळ."

मंदाकिनी लाजली. यज्ञा छाती फुगवून उभा राहिला. बिलकिसनं मात्र त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

"काका, अब्बा बिडी ओढत नाहीत हे तुम्हाला माहीत होतं ना?"

जयसिंगरावांचा हात मिशीकडे निघाला होता, तो मध्येच थांबला.

"माहीत होतं," ते म्हणाले.

"मग सकाळी तुम्ही का नाही बोललात?"

जयसिंगराव दिगंबरकाकांकडे वळले आणि म्हणाले, "चला. मीही येतो. माफी मलाही मागायचीय." त्यांच्या मागून, माना खाली घालून, सगळी आळी निघाली.

दिगंबरकाका दारात उभे राहून बोलले. पहिल्यांदा पुटपुटले, तेव्हा आतून बिलकिसची अम्मी सुगराबी म्हणाल्या, "सकाळी मला चुलीपाशी ऐकू येत होतं. आता येत नाहीये." मग ते मोठ्यानं बोलले.

शमशुद्दीननी सगळं ऐकून घेतलं. ते हसले नाहीत आणि 'जाऊ द्या हो' असंही म्हणाले नाहीत. म्हणाले, "तंबू इथे आणा. मुलांचा काय दोष? ठिगळं मी लावीन. पण कापड ताणून धरायला एक माणूस लागेल."

दुसऱ्या दिवसापासून दिगंबरकाकांनी दुपारच्या झोपेवर पाणी सोडलं आणि शमशुद्दीनच्या ओट्यावर मांडी घालून, जाडजूड कापडाची टोकं ताणून धरून ते बसले. येणारा जाणारा बघत होता. "जरा घट्ट धरा," एवढंच शमशुद्दीन अधूनमधून म्हणायचे.

शेवटचं ठिगळ लागलं तेव्हा त्यांनी दोरा दातानं तोडला आणि ओट्यापाशी उभ्या असलेल्या बिलकिसला विचारलं, "बेटा, कपडे भरलेस का? तलावावर पहाटे गारठा असतो, स्वेटर घे."

बिलकिसचा राग अजून गेला नव्हता. दिगंबरकाकांना ओलांडून ती घरात गेली आणि तिनं स्वेटर शोधायला घेतला.